नवं मॅनेजमेंट आलंय म्हणे!

परवा रात्री भाच्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, स्वारी खुशीत आहे. "मामा, एक छोटी तेल कंपनी आहे. शेअर पार तळाला गेलाय. पण आता नवं मॅनेजमेंट आलंय! थोडे घेऊन ठेवा आणि पाच वर्षं विसरून जा."

विसरून जा! मंडळी, ज्याची सगळी नोकरी पोरांना "लक्षात ठेवा रे" सांगण्यात गेली, त्याला हा सल्ला :-)

खरं तर असं विसरणं मी एकदा करून पाहिलंय. नव्वदच्या दशकात स्टाफरूममध्ये शेअरच्या फॉर्मचे गठ्ठे यायचे. डबा खाता खाता आम्ही ते भरायचो. त्यातल्या एका कंपनीची (नाव घेत नाही, आता काय उपयोग) सर्टिफिकिटं अजून लोखंडी कपाटात, हिच्या लग्नातल्या शालूखाली आहेत. त्या कंपनीचे मालक दोनदा बदलले. दोन्ही वेळा "प्रिय भागधारक" अशी सुरुवात असलेलं गुळगुळीत पत्र आलं आणि दोन्ही वेळा आम्ही स्टाफरूममध्ये चहा मागवला. तिसरं पत्र आलंच नाही. असो.

तेव्हा आजचा राग भाच्यावर नाही, त्या दोन शब्दांवर आहे. "नवं मॅनेजमेंट" म्हटलं की शहाणीसुरती माणसं पुढचा प्रश्न विचारायचं विसरतात. नवं मॅनेजमेंट आलंय, पण कोणासाठी?

हे मी हवेत बोलत नाही. एस्सार ऑइलची गोष्ट आठवा, सगळी जाहीर आहे. गुजरातेत जामनगरजवळ वाडिनारला रिफायनरी उभी करायची होती. पैसा नव्वदच्या दशकातला, त्यात सामान्य भागधारकांचाही. जून 1998 मध्ये कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, कामाचं नुकसान झालं, कर्जाचा डोंगर वाढला, काम वर्षानुवर्षं रखडलं. व्यापारी उत्पादन सुरू व्हायला मे 2008 उजाडला. मुहूर्त बघा! त्याच जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं आणि डिसेंबरात 40 च्याही खाली आलं. चढ्या भावात घेतलेला साठा टाकीत आणि बाजारभाव तळाला. कुठल्याही मॅनेजमेंटने त्यावर काय करायचं होतं? पुढे जानेवारी 2012 मध्ये विक्रीकराच्या सवलतीचा खटला कंपनी सर्वोच्च न्यायालयात हरली आणि सहा हजार कोटींच्या वरचं देणं अंगावर आलं.

एवढ्या सगळ्यातून ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांना लोक लोभी म्हणतात. मला ते पटत नाही. लोभी माणूस पहिल्या तेजीत विकून मोकळा होतो. हे बिचारे चिवट होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की रिफायनरी एकदा नीट चालू द्या, कोणी दमदार मालक येऊ द्या, मग बघा.

आणि गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं खरं ठरलं! रिफायनरी वर्षाला दोन कोटी टन क्षमतेची झाली. दमदार मालकही आला, तोही थेट रशियाचा. जुलै 2015 मध्ये रोसनेफ्टशी प्राथमिक बोलणं झालं. ऑक्टोबर 2016 मध्ये आपल्या गोव्यात, ब्रिक्स परिषदेच्या वेळी, करारावर सह्या झाल्या. ऑगस्ट 2017 मध्ये वाडिनारच्या बंदरासकट जवळजवळ 1,290 कोटी डॉलरचा व्यवहार पुरा झाला. रोसनेफ्टला 49.13 टक्के आणि ट्राफिगुरा व यूसीपी यांच्या गटाला तेवढेच. 2018 मध्ये नाव बदलून नायरा एनर्जी झालं.

आता तारखा पुन्हा एकदा बघा. बोलणं जुलै 2015 चं, विक्री पुरी झाली 2017 मध्ये. मधल्या काळात काय झालं? डिसेंबर 2015 मध्ये प्रमोटरांनी किरकोळ भागधारकांकडून शेअर परत घेतले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये कंपनी शेअरबाजारातून बाहेर पडली. वर्षानुवर्षं ज्या पाहुण्याची वाट पाहिली, तो दारात आला तेव्हा घरातली बरीच मंडळी आधीच मागच्या दाराने पोचती झालेली होती.

भाचा म्हणेल, मामा, त्यांना पैसे मिळाले की! मिळाले, नाकारत नाही. पण ते कसे मिळाले ते त्याने ऐकून घ्यावं. त्या वेळी ठरवलेला किमान भाव होता 108.18 रुपये. नियम असा होता की भागधारकांनीच बोली लावायची, आम्ही अमुक भावाला देऊ म्हणून. त्या बोलीतून भाव निघाला 262.80. शिवाय पुढे कंपनी जास्त भावाने विकली गेली तर फरक द्यायचा, या अटीमुळे 2017 मध्ये शेअरमागे आणखी 75.48 रुपये मिळाले. एकूण 338.28. म्हणजे किमान भावाच्या तिपटीहून जास्त. हे नव्या मॅनेजमेंटच्या कर्तृत्वामुळे मिळालं नाही. जुन्याच्या मोठ्या मनामुळेही नाही. बोली लावायचा हक्क होता आणि कागदावर अट होती, म्हणून मिळालं.

आणि तो हक्क आता पातळ होत चाललाय, हे किती जणांनी वाचलं? सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने नियम बदलला. आता प्रमोटर बोलीच्या भानगडीत न पडता ठरीव भाव देऊ शकतो, किमान भावाच्या वर निदान 15 टक्के. पाटीपेन्सिल घेऊन करून बघा: 108.18 वर 15 टक्के म्हणजे 124.41. किमान भाव काढायची रीतही बदलली आहे आणि भागधारक नाही म्हणू शकतात, हे मान्य. पण 124 आणि 262 यांतलं अंतर मला तरी झोप येऊ देत नाही. यावर कोणी फोन केला नाही मला. भाच्यानेही नाही.

ज्यांनी त्या वेळी शेअर दिलेच नाहीत, त्यांचं काय? डिलिस्टिंगनंतर एक वर्ष त्याच भावाला द्यायची सोय होती. ती संपली की बाजारच नाही. ऑक्टोबर 2018 पासून तर अशा बिगरनोंदणीकृत पब्लिक कंपन्यांचे कागदी शेअर डिमॅट केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आणि जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध लादले, कारण मालक रशियन! पंचवीस वर्षांपूर्वी डबा खाताना फॉर्म भरणाऱ्याने युक्रेनच्या युद्धाचाही विचार करायचा होता की काय?

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल मास्तर एकांगी लिहितात. हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन ही एच. टी. पारेखांनी 1983 मध्ये काढलेली कंपनी. इटलीची एनी 2008 पासून तिथली सर्वांत मोठी भागधारक झाली. एवढी जगप्रसिद्ध कंपनी, तरी कावेरी खोऱ्यातल्या पीवाय-1 मध्ये गॅस अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. जमिनीखालच्या खडकाला व्हिजिटिंग कार्ड दाखवून उपयोग नसतो. एनी गेली, 2015 मध्ये नवी माणसं आली आणि त्यांनी ऑगस्ट 2017 मध्ये आसामातल्या डिरोकचा गॅस सुरू करून दाखवला. तेव्हा मॅनेजमेंटने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. चांगला मास्तर आला की वर्ग सुधारतो, हे मी नाही तर कोण म्हणणार? पण निकाल चांगला लागल्यावर बक्षीस कोणाला, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारायला हवं.

म्हणून भाच्याला रात्रीच चार प्रश्न लिहून पाठवले. कर्ज किती आणि पहिला पैसा कोणाला? नव्या लोकांनी स्वतःचे किती घातले, आणि कोणत्या भावाने? नवे शेअर काढून आपला हिस्सा पातळ करणार का? आणि कंपनी बाजारातून काढायची ठरली तर भाव कोण ठरवणार?

दोन दिवसांनी उत्तर आलं. "मामा, पहिल्याचं शोधतोय. बाकीचे त्या ग्रुपवर विचारले, तर ॲडमिनने मलाच काढून टाकलं."