गेमचा पिक्चर? नको रे बाबा!

गेमवर पिक्चर येतोय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’चा शेवट घ्या (न खेळलेल्यांनी डोळे मिटा). एलीला वाचवायचं तर सर्जनला मारावंच लागतं. मी कंट्रोलर धरून नुसता उभा, दुसरा रस्ता शोधत. नाहीच! शेवटी बटण मीच दाबलं. रात्रभर झोप नाही. २०२३ च्या मालिकेत तेच जोएलने केलं. अभिनय झकास, मान्य. पण खून त्याचा, मी सोफ्यावर चहा पीत.

२००५ च्या ‘डूम’ने तर काही मिनिटं कॅमेराच बंदुकीमागे ठेवला. म्हणजे मित्र खेळतोय, आपण मागे बसून पाळीची वाट बघतोय. तेही तिकीट काढून!

त्यापेक्षा २०२३ चा ‘टेट्रिस’ बरा. त्यात ठोकळे बाजूला ठेवून हक्कांची भांडणं दाखवली. तसे काढा की, कोण नाही म्हणतंय?