तुमची डायरी कोण वाचतं?

"डॉक्टर, वहीत लिहू की मोबाइलमध्ये?"

बीपी, शुगर, झोप किंवा डोकेदुखीची नोंद ठेवायला सांगितली की हा प्रश्न हमखास येतो. बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं, "वहीतच लिहा." आता मी आधी उलट प्रश्न विचारतो, "घरात तुमची वही कोण उघडतं? आणि तुमचा मोबाइल कोण कोण हाताळतं?" हा बदल का झाला ते सांगतो. त्यात चूक माझी होती.

साठीच्या एक काकू बीपीसाठी माझ्याकडे येत. झोपही नीट लागत नव्हती. मी त्यांना सांगितलं, रोज बीपी मोजून लिहा आणि रात्री जाग आली तर मनात काय आलं तेही दोन ओळीत लिहा. पुढच्या वेळी त्या मुलाला घेऊन आल्या. वही चाळताना मी त्यातली एक ओळ सहज मोठ्याने वाचली. घरात झालेल्या बोलाचालीबद्दल होती ती. मुलगा खाली बघत राहिला. काकू काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यातली वही अगदी नीटनेटकी होती. रोज १२४/८०, १२६/८०. झोपेपुढे एकच शब्द, 'चांगली'. दवाखान्यात मात्र बीपी १६०च्या वर. काही जणांचं बीपी डॉक्टरांसमोर वाढतं, म्हणून मी घरचं मशीन आणायला सांगितलं. मशीनच्या मेमरीतले आकडे वहीतल्या आकड्यांपेक्षा बरेच जास्त होते. वहीवर विसंबून मी गोळीचा डोस तसाच ठेवला असता तर त्याचा त्रास काकूंना झाला असता. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. वही सगळ्यांसमोर वाचली जाते हे कळल्यावर त्यांनी सगळ्यांना चालेल असं लिहिलं, इतकंच.

असं करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. १९८४ साली अमेरिकेत मधुमेहाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांना न सांगता त्यांच्या ग्लुकोमीटरमध्ये मेमरी बसवली होती. नंतर ताडून पाहिलं तर अनेकांच्या वहीतले आकडे मीटरशी जुळेनात. काहींनी प्रत्यक्षापेक्षा चांगले आकडे लिहिले होते, काहींनी शुगर न तपासताच. दुसऱ्याला दाखवण्यासाठी लिहिलं की हात आपोआप सावरून लिहितो. शाळेत गृहपाठाच्या वहीचं हेच व्हायचं!

म्हणून माझं मत असं आहे. वही चांगली की अ‍ॅप, हा नंतरचा प्रश्न. तुम्ही जिथे खरं लिहाल ती जागा चांगली.

दोन डायऱ्या वेगळ्या ठेवा

पहिली आकड्यांची. ही डॉक्टरांना दाखवायचीच असते. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर. दिसेल तोच आकडा लिहा, तो पाच-दहाच्या पटीत बसवू नका. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांशी बोला.

दुसरी मनाची. ही कुणालाच दाखवण्याचं बंधन नाही, मलाही नाही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा माफकच दिसला आणि तो प्रत्येकाला होतो असंही नाही. लिहिल्यावर लगेच थोडं उदास वाटू शकतं. पण मोकळेपणाने लिहायचं असेल तर ते आपल्यापाशीच राहील, ही खात्री आधी हवी.

कागद की मोबाइल?

कागदाला पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि परदेशात बसलेला कुणी तो चोरू शकत नाही. पण घरातल्या माणसाला तो सहज सापडतो. आपल्याकडे किती जणांना, विशेषतः किती बायकांना, स्वतःच्या किल्लीचं कपाट असतं? जुन्या वह्या एक दिवस रद्दीत जातात, तेव्हा आत काय लिहिलंय हे कुणी बघत नाही. बघितलं तर पंचाईत! शिवाय वही हरवली की सगळंच गेलं.

मोबाइल कायम जवळ असतो. अक्षरं मोठी करता येतात, हात थरथरत असेल तर बोलून लिहिता येतं, आकड्यांचा आलेख मिळतो. पण अनेक घरांत फोनचा पॅटर्न नातवंडांपासून सगळ्यांना पाठ असतो. डायरीच्या पानाचा फोटो काढला की तो आपोआप क्लाउडवर जाऊ शकतो आणि तेच खातं घरातल्या टॅबवर उघडं असू शकतं. काही फुकट अ‍ॅप तुमच्या माहितीवर पैसे मिळवतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'फ्लो' या मासिक पाळीच्या अ‍ॅपवर कारवाई केली. माहिती खाजगी ठेवण्याचं आश्वासन देऊन ती फेसबुक, गूगल अशा कंपन्यांच्या सेवांना पुरवली, असा आरोप होता.

खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण घरातल्या माणसाने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथे आपली आपणच काळजी घ्यायची आणि घरच्यांनी समजूत दाखवायची.

मी पेशंटना काय सांगतो

• घरातल्या नजरेची काळजी असेल तर कुलूप लावलेला मोबाइल बरा. कंपन्यांची काळजी असेल तर कागद बरा.
• मोबाइलवर लिहिणार असाल तर त्या अ‍ॅपला वेगळा पिन लावा आणि लॉक स्क्रीनवर दिसणारी नोटिफिकेशन बंद करा. बीपी लिहिणाऱ्या अ‍ॅपने तुमचे कॉन्टॅक्ट मागितले तर देऊ नका.
• फोन विकण्याआधी किंवा मुलांना देण्याआधी तो पूर्ण रिसेट करा.
• दोन्ही नको असेल तर सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. लिहिलेलं जपून ठेवलंच पाहिजे असा नियम नाही.
• औषधांची यादी, अ‍ॅलर्जी आणि रक्तगट मात्र लपवू नका. त्याची चिठ्ठी पाकिटात हवी आणि घरात निदान एकाला माहीत हवी.
• जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर नुसतं लिहून थांबू नका. कुणाशी तरी बोला. सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते.

आणि घरच्यांना एक विनंती. आईची, बायकोची, मुलाची वही काळजीपोटीसुद्धा उघडू नका. काळजी वाटत असेल तर सरळ विचारा. वही चोरून वाचली तर एकदाच काहीतरी कळेल, पुढे तिच्यात खरं काही सापडणार नाही.

मी काकूंची माफी मागितली. आता त्यांची आकड्यांची वही जेवणाच्या टेबलावर उघडी असते. बाकीचं त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितात आणि फाडून टाकतात. त्यात काय असतं ते मी विचारत नाही. गोळीचा डोस वाढवला आहे. वहीत कधी १३०, कधी १४८ असे वेडेवाकडे आकडे येतात. मला तेच हवे आहेत.

कुणी डायरी पुढे केली की मी आता आधी विचारतो, "यातलं कोणतं पान बघू?" तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा. तो हक्क तुमचा आहे.