सातबारा नाही, त्याचा पंचनामा कोण करणार?

हवामान बदलाचा विषय काढला की आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "हे एसीत बसणाऱ्यांचे विषय आहेत." आम्हाला हे मान्य नाही. अतिवृष्टीत सोयाबीन कुजले की नुकसान हेक्टरवर मोजतात, सातबारा बघून मदत देतात. पण तेच सोयाबीन काढायला जाणाऱ्या भूमिहीन बाईच्या बुडालेल्या मजुरीचे काय? पिकाच्या पंचनाम्यात तिच्यासाठी रकानाच नाही. मराठवाड्यात ती बाई बहुतेक वेळा कोणत्या वस्तीत राहते, हे तुम्हाला सांगायला नको.

२०२२ साली शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत 'हानी आणि नुकसान' निधी मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत तो उभा राहिला. धूर श्रीमंत देशांनी सोडला, भरपाईही त्यांनीच द्यावी, ही मागणी न्याय्यच आहे. मग जगाकडे मागतो तो न्याय गावात का नको?

आंतरराष्ट्रीय सहकार्याचे आपल्याला वावडे असायचे कारण नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना, १९४३च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याची योजना अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या नमुन्यावर आखली गेली. तिथला अभियंताही आणला होता. (हे श्रेय पाठ्यपुस्तके क्वचितच देतात.)

पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीची नोंद हवी, नुकसानीचे आकडे जातनिहाय जाहीर व्हायला हवेत. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तलाठी "नमुन्यात बसत नाही" म्हणेल. तेवढेच त्याच्याकडून लेखी घ्या.

जय भीम!