साक्षीदार आपणही असतो

चांगला रहस्यपट ओळखायची माझी कसोटी साधी आहे. खुनी कोण हे कळल्यावरही तो पुन्हा पाहावासा वाटला पाहिजे आणि दुसऱ्यांदा पाहताना दिग्दर्शकाची लबाडी कुठेही सापडता कामा नये. या कसोटीला पुरेपूर उतरणारा एक चित्रपट आहे, दारिओ आर्जेंतोचा १९७५ सालचा ‘प्रोफोंदो रोसो’. इंग्रजीत तो ‘डीप रेड’ या नावाने ओळखला जातो. आज तो डिस्कवर स्वच्छ आणि अखंड पाहायला मिळतो, म्हणून त्याच्याविषयी लिहायलाच हवं.

एका नाट्यगृहात परिसंवाद चालू आहे. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी हेल्गा उल्मान बोलता बोलता एकदम किंचाळते. समोर बसलेल्या गर्दीत खुनी आहे, हे तिला जाणवलेलं असतं. त्याच रात्री तिचा खून होतो. खालच्या चौकात उभा असलेला इंग्रज पियानोवादक मार्क डेली तिला खिडकीच्या काचेवर आदळताना पाहतो आणि धावत वर जातो. घरातल्या लांबट बोळात दोन्ही बाजूंना चित्रं आहेत. सगळीकडून चेहरे रोखून पाहताहेत. मार्क त्यांच्यामधून पळत जातो. नंतर मात्र त्याला राहून राहून वाटतं, आपण इथे काहीतरी पाहिलं होतं आणि ते आता जागेवर नाही.

पुढचा सगळा चित्रपट त्या एका ‘काहीतरी’च्या शोधाचा आहे. आर्जेंतोची हिंमत अशी, की तिथे कॅमेरा मार्कबरोबरच धावतो आणि जे त्याला दिसलं ते आपल्यालाही दाखवतो. उत्तर क्षणभर पडद्यावर उघडं असतं. आपण ते पाहतो, पण आपल्या ध्यानात येत नाही. ते काय, हे मी इथे सांगणार नाही.

मार्कच्या भूमिकेसाठी डेव्हिड हेमिंग्ज निवडला, तोही विचार करूनच. आन्तोनिओनीच्या ‘ब्लो-अप’मध्ये (१९६६) हाच नट छायाचित्रकार होता आणि स्वतःच काढलेला फोटो मोठा करत करत त्यात खुनाचा पुरावा शोधत होता. तिथे त्याच्या हाती फोटो तरी होता. इथे फक्त आठवण आहे आणि आठवण दगा देते.

१९७५ साली थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाचीही हीच गत होती. रीळ पुढे गेलं की गेलं, परत फिरवून बघायची सोय नव्हती. ती व्हिडिओ कॅसेटने दिली, पण दुसऱ्या हाताने चित्रच कापून घेतलं. या चित्रपटाची चौकट उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद आहे. जुन्या टीव्हीचा पडदा भरायचा तर चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र कडेने छाटावं लागे. छायाचित्रकार लुइजी कुवेल्लेर यांनी तुरिनच्या प्याझ्झा सीएलएनमध्ये टिपलेली रात्र डोळ्यांपुढे आणा. नदीचं रूप दिलेला भलामोठा पुतळा, त्याच्या पायाशी दोन मित्र, भोवती निर्मनुष्य चौक आणि एका बाजूला एडवर्ड हॉपरच्या ‘नाइटहॉक्स’ या चित्रावरून उभारलेला बार. ही रात्र कापून दाखवायची तर तिच्यातला एकटेपणाच जातो.

अमेरिकी वितरकांनी त्याहून मोठं नुकसान केलं. दोन तासांहून थोडा मोठा असलेला हा चित्रपट त्यांनी वीस-बावीस मिनिटांनी छोटा केला. मार्क व पत्रकार जान्ना यांच्यातले बहुतेक प्रसंग काढले. दारिया निकोलोदीची जान्ना म्हणजे या चित्रपटाचा जीव. मार्क पुरुष श्रेष्ठ असल्याच्या गप्पा मारतो, तेव्हा ती त्याला पंजा लढवायला बसवते आणि हरवते. तिच्या मोडकळीला आलेल्या फियाटमध्ये मार्कची सीट खाली खचते, तो डॅशबोर्डामागे जवळजवळ दिसेनासा होतो आणि ती मजेत गाडी हाकत राहते. हे हसू मधे असतं म्हणून पुढची भीती अंगावर येते. ते काढलं की उरते ती नुसती कत्तल.

पुढे डिस्कच्या जमान्यात संपूर्ण इटालियन आवृत्ती घरी आली. कापलेल्या प्रसंगांचे इंग्रजी संवाद उपलब्ध नव्हते. त्यामुळे काही डिस्कवर इंग्रजी बोलणारी पात्रं मधेच इटालियन बोलू लागतात. मला तो सांधा खटकत नाही, उलट प्रिय वाटतो. नेमकं काय आणि कुठून तोडलं होतं, याची ती रोखठोक नोंद आहे. त्यानंतर मूळ प्रतीवरून ४के संस्करण झालं आणि तो गडद लाल रंग आपल्या खऱ्या तेजात परतला.

आवाजाचंही तसंच. संगीत जॉर्जो गास्लिनी यांच्याकडे होतं, पण आर्जेंतोला रॉकचा जोर हवा होता. त्याने गॉब्लिन या तरुण वाद्यवृंदाला बोलावलं. त्यांची मुख्य धून इटलीत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्या जोडीला खुनाआधी वाजणारं लहान मुलांचं गाणं आहे. चांगल्या स्पीकरवर ते ऐकलं की खोलीत दुसरं कुणीतरी असल्याचा भास होतो.

हिंसा कठोर आहे, हे आधीच सांगतो. आर्जेंतो आणि सहलेखक बेर्नार्दिनो झाप्पोनी यांनी मुद्दाम अशा इजा निवडल्या, की ज्यांची कल्पना प्रत्येकाला यावी. गोळी लागल्याचा अनुभव कुणाला असतो? पण कढत पाण्याचा चटका, फर्निचरच्या कोपऱ्याचा मार आपल्या सगळ्यांच्या अंगाला ठाऊक असतो. ज्यांना हे सोसवत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

बाकीच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पाहायचाच तर पूर्ण लांबीचा, पूर्ण रुंदीचा ‘प्रोफोंदो रोसो’ पाहा. पहिल्यांदा दिवे घालवून, एका बैठकीत, न थांबवता. रिमोट लांब ठेवा. चित्रपट संपला की मगच त्या बोळाच्या प्रसंगापर्यंत मागे या आणि चित्र थांबवून नीट बघा. आर्जेंतोने काहीही लपवलेलं नव्हतं, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.