रेषेला वाट हवी

शाळांच्या स्मरणिका चाळताना एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. गुणवंतांची नावे, क्रीडास्पर्धांतील पदके, नोकरीस लागलेले माजी विद्यार्थी यांची नोंद तेथे अभिमानाने छापलेली असते. मात्र वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढणारा, फळ्यावर सुविचार लिहिणारा, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवणारा मुलगा पुढे कोठे गेला, याची नोंद क्वचितच सापडते. दहावीपर्यंत ज्याच्या हाताचे सर्वांनी कौतुक केले, त्यालाच दहावीनंतर ‘आता चित्रे पुरे’ असे सांगितले जाते. ही रीत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपला डहाणू-तलासरीचा परिसर कलेच्या बाबतीत दरिद्री नाही. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. त्यांचे आयुष्य गेले डहाणू तालुक्यातील गंजाड येथे. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले आणि धुळीत रेघा ओढून ते आपले म्हणणे सांगू लागले. लग्नघरी भिंतीवर चौक लिहिणे हे वारली समाजात सवाशिणींचे काम. एका पुरुषाने लग्नविधीवाचूनही रोज चित्र लिहावे, हे त्या काळी नवलच होते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे बाहेरच्या जगापुढे आणली. १९८९ साली म्हसे यांची कला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

या थोर चित्रकाराचा आपल्याला अभिमान आहेच. परंतु कोणी जाणकार पाड्यावर येईल आणि मुलाचा गुण ओळखेल, या योगायोगावर आपल्या मुलांचे भवितव्य सोडता येणार नाही. आज चित्रकलेतून निघणारा एक रीतसर व्यवसाय आहे. त्यास ग्राफिक डिझाइन म्हणतात. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाचे वेष्टन, बँकेचे बोधचिन्ह, रस्त्यावरील दिशाफलक, मोबाइलवरील चिन्हे हे सारे कोणीतरी विचारपूर्वक आखलेले असते. चित्रकार स्वतःच्या मनातले मांडतो. डिझायनर दुसऱ्याची गरज समजून घेऊन ती रेषेत, रंगात आणि अक्षरात उतरवतो.

मराठी माणसाला हा मार्ग नवा नाही. र. कृ. जोशी यांनी जाहिरात क्षेत्रात काम केले, पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि संगणकासाठी देवनागरीचा ‘मंगल’ हा टंक घडवला. आपल्यापैकी अनेकांनी अर्ज, दाखले त्याच अक्षरांत टंकले आहेत. कमल शेडगे यांनी कलाशाळेची पदवी नसताना टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात काम करीत मराठी नाटकांच्या नावांना ओळखीचा चेहरा दिला. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून सुलेखनाला व्यासपीठ मिळवून दिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिघांनीही आपल्या अक्षरावरच चरितार्थ उभा केला.

आता वारली चित्राकडे पाहा. वर्तुळ, त्रिकोण, रेघ आणि गेरूवर तांदळाच्या पिठाचा एकच रंग. थोडक्या आकारांत माणूस, बैल, तारपा उभा करणे आणि रिकाम्या जागेलाही अर्थ देणे, हीच उत्तम बोधचिन्हाची कसोटी आहे. येथली कितीतरी मुले हे शिकूनच शाळेत येतात. तरीही साड्यांवर, पेल्यांवर, इमारतींच्या भिंतींवर जेव्हा वारली आकृत्या उमटतात, तेव्हा आखणी बहुधा दुसऱ्याची असते आणि आपल्या माणसाच्या वाट्याला फार तर रंगवण्याची मजुरी येते. नमुना आपला आणि निर्णय दुसऱ्याचा, ही स्थिती पालटायची असेल तर आपली मुले आखणीच्या मेजावर बसली पाहिजेत. त्यांनी केवळ वारलीच काढावी, असा आग्रहही आपण धरू नये. ज्याला अक्षरांत रस आहे त्याने अक्षरे घडवावीत, ज्याला यंत्रांत आहे त्याने यंत्रांचे पडदे आखावेत.

वाट माहीत असली की ती तितकी अवघड राहत नाही. शाळेत असतानाच शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा देता येतात. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाल्यास दहावीत ७, ‘ब’ श्रेणीस ५ आणि ‘क’ श्रेणीस ३ वाढीव गुण मिळतात. बारावीनंतर कलाशिक्षणाच्या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. चारोटीवरून जाणारा महामार्ग दक्षिणेस मुंबईला पोहोचतो. तेथे सर ज. जी. उपयोजित कला संस्था आहे. तोच उत्तरेस अहमदाबादला जातो. तेथे १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. दिवसरात्र आपल्या दारावरून धावणाऱ्या या रस्त्याची दोन्ही टोके आपल्या मुलांसाठीही आहेत.

‘चित्रे काढून पोट भरते का?’ हा पालकांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात हंगामी मजुरीवर वर्ष निघते, तेथे चार वर्षांचे शिक्षण, वसतिगृह, साहित्य आणि संगणक यांचा खर्च डोंगराएवढा वाटतो. आरंभीची मिळकतही बेताची असते. म्हणूनच हा भार एकट्या कुटुंबावर टाकून चालणार नाही.

माजी विद्यार्थ्यांस आमचे आवाहन आहे. वर्षाकाठी एका मुलाच्या रेखाकला परीक्षेचे शुल्क आणि रंगसाहित्य आपण उचलावे. वापरातला चांगला संगणक शाळेला द्यावा. जे मुंबई, वापी, नाशिक येथे छापखान्यांत वा जाहिरात कार्यालयांत आहेत, त्यांनी सुटीत येऊन चार दिवस मुलांना आपले काम दाखवावे. शाळेने मुलांची चित्रे कार्यक्रमानंतर टाकून न देता त्यांचा संग्रह तारखेसह जपावा. डिझाइन संस्थांच्या मुलाखतींत असा संग्रह पाहिला जातो. आणि पालकांनी इतकेच करावे, की मुलाची वही रद्दीत घालण्यापूर्वी एकदा तिची मागची पाने उलटून पाहावीत.

पुढील स्मरणिकेचे मुखपृष्ठ आपल्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याने आखलेले असावे आणि त्याबद्दल त्याला रीतसर मानधन मिळालेले असावे, एवढी अपेक्षा आम्ही येथे नोंदवून ठेवतो.