केसपेपरवर ‘अशक्तपणा’

आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मी वर्षभर आठवड्यातून एकदा बसते आहे. बाया येतात. अंग ठणकते, छातीत धडधडते, झोप नाही, अंगावरून पांढरे जाते. ताकदीच्या गोळ्या मिळतात, फारच विनवले तर सलाइन. महिन्याने तीच बाई पुन्हा रांगेत. केसपेपरवर ‘अशक्तपणा’. नवरा मारतो का, दारू किती पितो, हिरड्याचे पैसे कोणाच्या हातात जातात, हे लिहायला त्यावर जागाच नाही. मग ती देवऋष्याकडे गेली की आपण तिला अंधश्रद्ध म्हणायचे! निदान तो तिचे म्हणणे ऐकून तरी घेतो.

ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावी, असे १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातच म्हटले होते. २०१७ च्या कायद्याने तो हक्क झाला. तरी ‘मानसिक’ म्हटले की जुन्नर-आंबेगावात आजही एकच शब्द ऐकू येतो: येरवडा. भीमाशंकरकडच्या वाडीवरून तिथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले (आता अर्धे असले तरी), आणि परतल्यावर ‘येडी’ हा शिक्का. सासरच्यांना तर तो हवाच असतो. आरोग्य केंद्रात गेल्याने कोणी येडी ठरत नाही, तिथे सगळ्याच जातात. म्हणून सेवा तिथेच हवी.

‘डॉक्टरच पुरेसे नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा?’ हे उत्तर मला पाठ झाले आहे. गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशक बायांनी तिथल्या सरकारी केंद्रांत काम केले, गरजेपुरती तज्ज्ञाची मदत घेतली. सहा महिन्यांनी शंभरातले ६६ रुग्ण बरे. जिथे त्या नव्हत्या तिथे सुमारे ४३.

पण मैत्रिणींनो, सावध राहा. एकत्रीकरणाच्या नावाखाली ताकदीच्या गोळीच्या जागी झोपेची गोळी येणार असेल, तर ते मला नको. नवऱ्याच्या मारावरचा इलाज बायकोने गिळायचा? तीव्र आजारात औषध लागतेच, ते तालुक्यातच आणि खंड न पडता मिळाले पाहिजे. पण समुपदेशकाच्या टेबलावर संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ताही हवा. आणि हे काम आशाताईंच्या माथी फुकटात मारायचे नाही.

आमची पहिली मागणी साधी आहे: एक खोली, दाराला कडी, दोन खुर्च्या. गेल्या खेपेला उत्तर मिळाले, ‘खोली आहे, पण तिच्यात खोकी ठेवलीत.’ पुढच्या ग्रामसभेला आम्ही खोकी उचलायला माणसे घेऊनच जाणार आहोत.