लपविलेले मृत्युपत्र, पेरलेला कलह

तेल्हाऱ्यापासून मुंबईपर्यंतच्या दिवाणी न्यायालयांत मृत्युपत्रावरून जे दावे उभे राहतात, त्यांत वादी आणि प्रतिवादी यांचे आडनाव बहुधा एकच असते. एका देवघरासमोर वाढलेली भावंडे साक्षीच्या पिंजऱ्यात एकमेकांना खोटे ठरवू लागतात. मग हरलेला पक्ष बाहेर येऊन म्हणतो, "बाबांची इच्छा खरीच होती, न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर ती धुडकावली." इंग्रजांनी केलेल्या कायद्याला हिंदू कुटुंबाचे मन काय कळणार, अशी पुस्ती आपल्यातलीच काही मंडळी त्याला जोडतात. हा युक्तिवाद सोयीचा आहे, परंतु खरा नाही.

कायदा मागतो तरी काय? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने सही वा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांनी ते होताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे आणि त्याच्या समक्ष स्वतःही सही करावी. पुढे वाद निर्माण झाला, तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाने न्यायालयात येऊन हे सांगावे. साक्षीचा हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा आपल्या संसदेने केलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि कलम ६७ मध्ये तोच नियम कायम राखला. आता इंग्रजांना बोल लावण्याची सोयही उरलेली नाही.

आणि या नियमात गैर काय आहे? इतर दस्तऐवजांच्या बाबतीत तो करणारा माणूस न्यायालयात येऊन सांगू शकतो. मृत्युपत्र हा असा एकमेव दस्त आहे की जो वाचला जातो तेव्हा त्याचा कर्ता बोलू शकत नाही. न्यायालयाचा संशय हा त्या मुक्या माणसाच्या बाजूने असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते आपल्या साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. सही कापरी असेल, प्रकृती खालावलेली असेल, वाटणी अस्वाभाविक असेल आणि विशेषतः ज्याला लाभ मिळतो त्यानेच पुढाकार घेऊन मृत्युपत्र करवून घेतले असेल, तर हे संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर आहे, असे त्यांनी बजावले. न्यायालयाच्या सदसद्विवेकाचे समाधान झाले पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा होय.

आता आपल्या वऱ्हाडातील नेहमीचा प्रकार पाहा. आयुष्यभर वावर राबलेला बाप, विषय निघाला की "मेल्यावरचे आताच कशाला?" म्हणून उठून जातो. शेवटच्या आजारपणात त्याला अकोल्याच्या दवाखान्यात हलविले जाते. तिथे एक मुलगा अर्जनवीसाकडून लिहवून आणलेल्या कागदावर त्याचा अंगठा घेतो. साक्षीदार कोण? मुलाचा मेहुणा आणि मुलाचाच मित्र. तेरावे होते, तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज जातो आणि तेव्हा कुठे लेकीला कळते की, बाबांनी सारे वावर दादाच्या नावे केले आहे! असे मृत्युपत्र न्यायालयाने डोळे मिटून मान्य करावे काय? आणि फेरफार मंजूर झाला की सारे संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, सातबाऱ्यावरील नोंद महसुलापुरती असते. तिने मालकी सिद्ध होत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर मृत्युपत्र हे मुलीला वगळण्याचे साधन म्हणून वापरले जाऊ लागले. स्वकष्टार्जित मिळकत कोणास द्यावी, याचे स्वातंत्र्य बापाला निःसंशय आहे. वडिलोपार्जित शेतीत मात्र तो केवळ आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र करू शकतो, मुलीच्या हिश्शाचे नाही. मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावर करायचा आणि राखी बांधणाऱ्या बहिणीपासून कागद लपवायचा, याला संस्कार म्हणत नाहीत.

मृत्युपत्र ही परकी कल्पना असल्याने आपल्या परंपरेत ते कशाला हवे, असे म्हणणाऱ्यांनी लोकमान्य टिळकांचे स्मरण करावे. १८९७ साली पुण्याचे सरदार बाबा महाराज निवर्तले. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी ज्यांच्यावर व्यवस्था सोपविली होती, त्यांत लोकमान्य होते आणि आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. १९०१ साली औरंगाबादेस दत्तकविधान झाले. लवकरच ताई महाराजांनी विश्वस्तांविरुद्ध भूमिका घेतली आणि कोल्हापुरी दुसरा दत्तक घेतला. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी खटले भरविले. १९०३ साली खोट्या साक्षीच्या आरोपाखाली त्यांना शिक्षा झाली. १९०४ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र चालूच राहिला आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने लोकमान्यांच्या बाजूने निर्णय दिला. एका मृत मित्राला दिलेल्या शब्दासाठी चौदा वर्षे! त्या मिळकतीतील एक पैही त्यांना स्वतःसाठी नको होती. राष्ट्रकार्यात आकंठ बुडालेल्या त्या पुरुषाला हा शब्द बाजूला सारावासा वाटला नाही. दिवंगताच्या इच्छेचे पावित्र्य म्हणजे काय, हे यावरून कळावे.

तेव्हा दोष कायद्याचा नसून आपल्या भीतीचा आणि लपवाछपवीचा आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घेणे शहाणपणाचे. मात्र नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही, हेही विसरू नये. हातपाय धड असताना मृत्युपत्र करावे. साक्षीदार लाभार्थ्याच्या गोटातले नसावेत. ते वयाने लहान आणि गावात विश्वासाचे असावेत. एखाद्या अपत्याला कमी द्यायचे असेल, तर त्याचे कारण त्यातच लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लेकी-जावयांसह साऱ्यांना बसवून ते वाचून दाखवावे. त्या दिवशी कोणी रुसले, तर समजूत घालायला बाप हयात असतो. नंतर ते काम वकिलाकडे जाते.

कुटुंब प्रबोधनासाठी आपले कार्यकर्ते घरोघरी जातात, भोजन आणि भजन एकत्र व्हावे असा आग्रह धरतात. हा आग्रह योग्यच आहे. त्या बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला जावा : "काका, मृत्युपत्र केले काय? आणि ताईला ते माहीत आहे काय?" प्रश्न अवघड आहे. परंतु तो आज घरात विचारला नाही, तर उद्या उलटतपासणीत विचारला जाईल, आणि तेव्हा उत्तर द्यायला काका नसतील.